इन्नोंदु अक्का

डॉक्टरांनी बेल वाजवली की आतला पेशंट बाहेर येतो आणि बाहेरचा आत जातो. आमच्या केंद्रात मात्र बेल वाजली तरी बाकावरचं माणूस लगेच उठायचं नाही. आत कोण आहे, हे आधी शेजारच्याला विचारायचं. आत अक्का असल्या तर निवांत बसून राहायचं, कारण बेलपाठोपाठ त्यांचा खणखणीत आवाज हमखास यायचा, "सर, इन्नोंदु!" इन्नोंदु म्हणजे कानडीत आणखी एक. तो आणखी एक प्रश्न विचारून, त्याचं उत्तर घेऊन, ते डॉक्टरांना आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवून मगच अक्का बाहेर येत. नर्सबाईंपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना इन्नोंदु अक्का म्हणत. त्यांचं खरं नाव उपचाराच्या पुस्तिकेवर होतं. ते मी इथे लिहीत नाही.

हे केंद्र म्हणजे म्हैसूरच्या एका सरकारी दवाखान्यातलं एचआयव्हीच्या उपचाराचं केंद्र. मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा एकतीस वर्षांचा होतो. गाव साताऱ्याकडचं, नोकरी म्हैसूरच्या कडेला हूटगळ्ळीच्या एका कारखान्यात, काम सुटे भाग मापात आहेत की नाहीत ते तपासण्याचं. कानडी येत होती ती बसभाड्यापुरती आणि जेवणापुरती. आजाराचं कळून आठ दिवस झाले होते आणि त्या आठ दिवसांत मी ते कुणाशीही बोललो नव्हतो. औषधाच्या खिडकीशी उभा होतो, तर आतल्या माणसानं विचारलं, "मात्रे?" मी म्हणालो, "नाही, माझं आडनाव शिंदे." त्यानं पुन्हा विचारलं, "मात्रे, मात्रे?" मी पुस्तिकेवरचं नाव बोटानं दाखवायला लागलो. तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी खळखळून हसलं. "अरे तम्मा, मात्रे म्हणजे गोळ्या! तुला गोळ्या पाहिजेत की नको, ते विचारतोय तो."

वळून पाहिलं. पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, निळ्या काठापदराची कडक इस्त्रीची साडी नेसलेली बाई. केसांत मोगऱ्याचा गजरा. मला वाटलं कुणाला तरी सोबत आली असेल. आजारी माणूस इतका नटून येत नाही, असा माझा समज होता. त्यांच्या मांडीवरही माझ्यासारखीच पुस्तिका होती, हे नंतर दिसलं. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. त्या दिवसापासून मला त्यांनी दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारली नाही.

गजऱ्याबद्दल मी त्यांना पुढे एकदा विचारलंही. म्हणाल्या, "दवाखान्यात काय मागायला जातो का आपण? कामाला जातो. कामाला जाताना माणूस नीट जातो, अल्वा?" प्रत्येक वाक्याच्या शेवटी हा 'अल्वा' असायचा, म्हणजे 'नाही का'. त्यांच्या घरात दीडदोनशे वर्षं मराठी बोलत आले होते, पण तिच्यात कानडी इतकी मुरलेली की पहिले दोन महिने मला ती अर्धीच समजायची. आजोबांच्या काळापर्यंत घरात कापड रंगवण्याचा आणि ठसे मारण्याचा धंदा होता. अक्का म्हैसूरच्या अग्रहार भागात, रस्त्यावरच्या पुढच्या खोलीत मशीन टाकून ब्लाउज शिवत. नवरा वारल्यावर, वयाच्या तिशीत, त्यांना आपल्या आजाराचं कळलं. एकुलती मुलगी तेव्हा दुसरीत होती. तिला वाढवलं, शिकवलं, कृष्णराजनगरला शेती असलेल्या घरात लग्न करून दिलं. आईला काय आहे हे मात्र मुलीला माहीत नव्हतं. दर महिन्याला आई दवाखान्यात जाते ती शुगरसाठी, एवढंच तिला ठाऊक होतं.

मला हा आजार कसा झाला, ते त्यांनी कधी विचारलं नाही. एकदा मीच सांगायला लागलो, तर हात आडवा केला. "मागचं शिवण उसवून काय करणार? पुढं काय ते बोल."

मापांची एक लांबट वही त्यांच्या पिशवीत कायम असे. पुढच्या बाजूनं गिऱ्हाइकांची मापं, छाती, बाही, गळा. मागच्या बाजूनं डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. महिनाभरात जे सुचेल, जे दुखेल, जे कुणाकडून ऐकू येईल, ते तारखेसकट तिथे उतरायचं. "डोकं दुखतं असं म्हणून काय कळणार त्यांना? कधीपासून, गोळीच्या आधी की नंतर, किती वेळ, ते सांगायचं. माप न देता ब्लाउज टाकलास तर घट्टच होणार की." दवाखान्याच्या आदल्या संध्याकाळी त्या प्रश्नांना क्रमांक घालत. त्यांचा एक नियम होता, तो त्यांनी मलाही पाठ करून घ्यायला लावला. ज्या प्रश्नाची लाज वाटते तो पहिला. "सोपं सगळं आधी विचारत बसतोस, लाजेचं येईपर्यंत बेल वाजते. मग तेच घेऊन घरी जातोस."

मी नेमका तसाच होतो. डॉक्टर दर वेळी चार गोष्टी विचारत, खोकला आहे का, ताप येतो का, वजन उतरलं का, रात्री घाम येतो का. मी प्रश्न पुरा व्हायच्या आत "इल्ला, इल्ला" म्हणजे "नाही, नाही" म्हणून टाकायचो. चार मिनिटांत बाहेर. आपण डॉक्टरांना त्रास दिला नाही, याचं मला समाधान वाटायचं. एकदा बाहेर आल्यावर अक्कांनी विचारलं, "काय म्हणाले?" म्हटलं, "सगळं ठीक आहे म्हणाले." "त्यांनी म्हटलं की तू म्हटलंस?"

त्यानंतर त्यांनी मला कानडी शिकवायला घेतली. भाजीबाजाराची नव्हे. पहिलं वाक्य शिकवलं ते "नंगे भय आगत्ते", मला भीती वाटते. मी म्हणालो, "असं काय सांगायचं असतं का डॉक्टरांना?" त्या म्हणाल्या, "मग कुणाला सांगणार, कंडक्टरला?"

सहा महिन्यांनी माझी रक्तातल्या विषाणूंची तपासणी झाली. तोवर आकडा अगदी खाली यायला हवा होता. तो आला नव्हता. समुपदेशकांनी मला बसवून घेतलं आणि गोळ्या चुकवण्याचे तोटे समजावून सांगायला सुरुवात केली. मी म्हणालो, एकही चुकली नाही. त्यांनी मान डोलावली, पण त्यांचा विश्वास बसलेला नाही हे मला कळत होतं. मी बाहेर आलो तेव्हा कान तापले होते. बाकावर अक्का होत्या. मी सांगितलं, आता परत यायचं नाही मी. गोळ्या रोज घेऊनही होत नाही, वर खोटारडा ठरतो.

अक्कांनी वही मिटली. मग विचारलं, "खरंच एकही चुकली नाही?"

"आईशपथ."

"आय्तु, ठीक आहे. मला खरं वाटलं. पण मला वाटून काय उपयोग? उद्या ये. घरात जेवढी औषधं आहेत तेवढी सगळी पिशवीत घालून आण. गोळी, पावडर, चूर्ण, मलम, काही ठेवायचं नाही."

"तिथे फक्त त्यांच्याच गोळ्या आहेत, अक्का. बाकीचं सटरफटर."

"सटरफटरच आण."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून गेलो. अक्का अर्धवट शिवलेली कामं सोडून आल्या होत्या. आत गेल्यावर त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "सर, हा मराठीत बोलेल, मी कानडीत सांगते, चालेल?" मग मला विचारलं, "तुला चालेल?" दोघांचं हो आल्यावरच त्या बसल्या. माझी पिशवी त्यांनी टेबलावर उलटी केली. डोकेदुखीच्या गोळ्या, गावाहून आईनं पाठवलेलं हिरड्याचं चूर्ण, सर्दीचं मलम आणि गुलाबी औषधाची मोठी बाटली, अर्धी संपलेली.

डॉक्टरांनी बाटली उचलली. "हे कशाला?"

छातीत जळजळ व्हायची. रात्री जेवल्यावर गोळी घेतली की जास्त व्हायची, असं मला वाटायचं. हूटगळ्ळीच्या एका दवाखान्यात दाखवलं, त्यांनी हे दिलं. गोळीचा त्रास होऊ नये म्हणून मी गोळी गिळली की लगेच वरून दोन झाकणं हे घ्यायचो. रोज. सहा महिने.

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. मग त्यांनी हळू आवाजात समजावलं. या पातळ औषधातले क्षार गोळीला पोटातच धरून ठेवतात, रक्तात पुरेसं जाऊच देत नाहीत. हेच एकमेव कारण असेल असं आज सांगता येणार नाही, पण मोठं कारण असू शकतं. "तिकडच्या डॉक्टरांना तुम्ही या गोळ्या घेता हे सांगितलं नव्हतं?"

नव्हतं सांगितलं. सांगितलं तर ते हात लावणार नाहीत, अशी भीती होती. हे मी अक्कांना मराठीत सांगितलं. त्यांनी भाषांतर केलं नाही. हनुवटीनं डॉक्टरांकडे खूण केली, तूच सांग. मग मीच म्हणालो, "नंगे भय आगत्ते, सर."

डॉक्टर म्हणाले, ते साहजिक आहे. आणि लिहिता लिहिता त्यांनी पेन खाली ठेवलं. त्या दिवशी ते माझ्याशी वीस मिनिटं बोलले.

निघताना अक्कांनी सवयीप्रमाणे सगळं परत म्हणून दाखवलं. "म्हणजे सर, गोळी घेतल्यावर दोन तास हे औषध नाही. हे आधी घेतलं तर सहा तास गोळी नाही. आणि सध्या हे बंदच, जळजळीला तुम्ही दुसरं देताय. बरोबर?" डॉक्टर म्हणाले, बरोबर. बाहेर आल्यावर मात्र त्यांनी मला सुनावलं. "एका डॉक्टरला अर्धं सांगितलंस, दुसऱ्याला अर्धं. पूरा तू कुणालाच ठाऊक नाहीस."

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. अक्कांचं बजावणं होतं, आकडा विचारल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. मी कानडीत विचारला. डॉक्टरांनी कागद माझ्याकडे फिरवला आणि म्हणाले, मोजता येण्याइतका विषाणू आता रक्तात सापडत नाही. पहिला प्रश्न मी ठरवून आणला होता, तो लगेच विचारून टाकला. मी लग्न करू शकतो का? ते म्हणाले, करू शकता. जिच्याशी कराल तिला आधी सांगा, तिला इथे घेऊन या, तिचेही प्रश्न असतील. गोळ्या अशाच चालू ठेवल्या आणि आकडा असाच राहिला, तर शरीरसंबंधातून तिला लागण होणार नाही. मी ते दोनदा परत म्हणून दाखवलं. दोन्ही वेळा ते बरोबर म्हणाले. बाहेर अक्कांना सांगितलं, तर त्यांनी माझ्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की शेजारचे आजोबा दचकले.

त्यानंतरच्या वर्षभरात आम्ही एकाच दिवशी तारीख घेऊ लागलो. कधी कधी दोघं एकदमच आत जायचो. डॉक्टरांनाही सवय झाली होती. अशाच एका सकाळी अक्कांनी गुडघ्याचं विचारलं, शुगरचं विचारलं, डोळ्यांचं विचारलं. डॉक्टरांनी बेलवर हात ठेवून हसत वाट पाहिली. अक्का म्हणाल्या, "तेवढंच, सर." नर्सबाई दारातून म्हणाल्या, "आज पाऊस पडणार!"

बाहेर आल्यावर अक्का तरातरा फाटकाकडे निघाल्या. आत असताना वहीचं एक पान दुमडलेलं मी पाहिलं होतं. डॉक्टर बोलत होते तेव्हा त्यांचा अंगठा त्या दुमडीवर घट्ट होता. मी त्यांना गाठलं आणि म्हणालो, "अक्का, पहिला प्रश्न राहिला."

"सगळे विचारले. तू होतास की."

"पहिला नाही विचारलात."

त्या माझ्यावर खेकसल्या, बायकांच्या वहीत डोकावतोस, लाज नाही वाटत. मी वाट सोडली नाही. फाटकाशी रेनट्रीखाली दगडी कट्टा होता, त्यावर त्या बसल्या. पदर तोंडाला लावला. मी पहिल्यांदाच त्यांना रडताना पाहत होतो. मग माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितलं. पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती. चार महिन्यांपासून मधूनच पुन्हा रक्त दिसत होतं. "पुरुष डॉक्टर, तम्मा. एवढ्या वर्षांचा ओळखीचा माणूस. कसं सांगू? दर महिन्याला पहिला नंबर ह्याच प्रश्नाला देते आणि सांगताना दुसऱ्यापासून सुरू करते."

"मला सांगितलंत की आत्ता."

"तू डॉक्टर आहेस का?"

"नाही. पण मी आत जाऊन एवढंच विचारतो, बाईडॉक्टरांकडे पाठवता येईल का. कशासाठी ते सांगत नाही."

त्या हो म्हणाल्या नाहीत, नकोही म्हणाल्या नाहीत. मी गेलो. डॉक्टरांनी कारण विचारलं नाही. चिठ्ठी लिहिली, पलीकडच्या इमारतीतल्या बाईडॉक्टरांना स्वतः फोन केला आणि म्हणाले, आजच घेऊन जा, अक्कांना घरी जाऊ देऊ नका.

बाईडॉक्टरांनी तपासलं, नमुना काढून पाठवला. निकाल येईपर्यंतचे दिवस अक्का मशीनवरून उठल्या नाहीत. गर्भाशयाच्या तोंडाशी पेशी बिघडायला लागल्या होत्या, पण आत शिरल्या नव्हत्या. गर्भाशय काढून टाकलं की बहुधा पुढं काही करावं लागणार नाही, असं बाईडॉक्टर म्हणाल्या. आणखी सहा महिने गप्प बसला असतात तर मी हे सांगू शकले नसते, असंही म्हणाल्या. एचआयव्ही असलेल्या बाईनं ही तपासणी काही त्रास नसतानाही ठरलेल्या मुदतीनं करून घ्यायची असते, हे अक्कांनी त्या दिवशी वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

ऑपरेशनच्या कागदावर घरच्या माणसाची सही हवी होती. म्हणजे मुलीची. आणि मुलगी येणार, फाइल उघडणार.

"तिला वाचून कळायला नको," अक्का म्हणाल्या. "माझ्या तोंडून कळू दे." त्यांनी तिला अग्रहारात बोलावून घेतलं. मी त्या वेळी तिथे नव्हतो. दुसऱ्या दिवशी त्यांनीच सांगितलं ते असं. सगळं ऐकून मुलीनं उठून दार लावून घेतलं. मग तिनं विचारलं, "मला आहे का?" अक्का म्हणाल्या, "नाही. दुसरीत असताना तुला तापाचं म्हणून नेलं होतं ना, तेव्हाच तपासलं." मग मुलीनं विचारलं, "गोळ्या ठेवतेस कुठं?" अक्कांनी मशीनच्या खणातला बटणांचा डबा काढला. वर बटणं, खाली पुठ्ठा, त्याखाली औषधाची बाटली. मुलीनं डबा हातात घेतला आणि ती एकदम हुंदके देऊन रडायला लागली. लहानपणी त्याच डब्याला हात लावला म्हणून अक्कांनी तिला एकदा मारलं होतं. पुढे कितीतरी वर्षं आईला आपल्यापेक्षा बटणं प्यारी आहेत, असं तिला वाटत आलं होतं.

सही तिनं केली. ऑपरेशन नीट झालं. दवाखान्यात ती आठ दिवस आईच्या उशाशी होती आणि डॉक्टर फेरीला आले की उठून उभी राहून एकेक गोष्ट विचारत होती. अक्का पडल्या पडल्या माझ्याकडे बघून डोळे मिचकावायच्या.

टाके निघाल्यावर मुलीनं आईला कृष्णराजनगरला नेलं, कायमचं. जावयाला तिनं स्वतः सगळं सांगितलं होतं. तो दोन दिवस शेतावरच राहिला आणि तिसऱ्या दिवशी पुढच्या खोलीत मशीनसाठी जागा करून ठेवली. अक्कांची पुस्तिका तिकडच्या दवाखान्याला जोडून दिली गेली. शेवटच्या दिवशी त्या सगळ्यांना भेटायला आल्या. डॉक्टर उठून उभे राहिले. मला वाटलं अक्का काहीतरी मोठं बोलतील. त्या म्हणाल्या, "सर, तिकडचे डॉक्टर बोलायला कसे आहेत?" डॉक्टर म्हणाले, "तुम्ही जाताय ना, बोलायला लागतील."

मागच्या महिन्यात मी त्यांना भेटायला गेलो. गावाबाहेर दोन्ही बाजूंना भाताची हिरवी खाचरं, मध्ये कालव्याच्या कडेनं वाट. अक्का अंगणात शेजारच्या एका बाईला वहीची पानं उलटून काही समजावत होत्या. ती बाई गेल्यावर म्हणाल्या, "आमच्या दवाखान्यात नवीन आहे. फार घाबरते." रागी मुद्दे, म्हणजे नाचणीचे उकडलेले गोळे, आणि पालेभाजीची आमटी असं जेवण झालं. मी बातम्या दिल्या. आकडा तसाच खाली आहे, कारखान्यात बढती मिळाली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आईला सांगितलंस?"

"नाही अजून."

पूर्वीच्या अक्का असत्या तर सुनावलं असतं. या वेळी मात्र त्यांनी नुसता माझा हात हातात धरून ठेवला. त्यांची मुलगी भांडी उचलत होती, ती म्हणाली, "मला वीस वर्षं उशिरा कळलं, अण्णा. कळायचं राहिलं नाही, हे खरं. पण ती वीस वर्षं कुठून आणू?"

बसस्टँडवर आलो. म्हैसूरची बस लागलेली होती. मी चढलो नाही. बाजूच्या कट्ट्यावर बसून आईला फोन लावला आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. मग आईनं प्रश्न विचारायला सुरुवात केली. हे बरं होतं का? गोळ्या किती दिवस? चुकली तर काय करायचं? रक्त कधी तपासतात? तुझ्या ताटातलं खाल्लं तर काही होतं का? दम लागतो का? लग्नाचं काय, मुलंबाळं होतील ती कशी असतील? ती रडत होती आणि विचारत होती. मी एकेक उत्तर देत गेलो. तिच्या एकाही प्रश्नाला मला माहीत नाही म्हणावं लागलं नाही. समोरून दोन बस गेल्या.

शेवटी तिनं नाक पुसल्याचा आवाज आला आणि तिनं विचारलं, "एवढं सगळं तुला त्या परक्या मुलखात समजावलं कोणी?"

मी म्हणालो, "सांगतो," आणि पाय वर घेऊन नीट बसलो.